समासातले भांडण

वि. स. खांडेकरांची जुनी कादंबरी वाचनालयातून घरी आणली की वाचायला लागण्यापूर्वी मी ती एकदा नुसतीच चाळतो. कथानक ठाऊक असते, पात्रेही ठाऊक असतात. बघायच्या असतात त्या आधीच्या वाचकांनी करून ठेवलेल्या खुणा. मराठीतल्या दुसऱ्या कुठल्याही कादंबरीकाराच्या पुस्तकांत इतक्या खुणा मी पाहिलेल्या नाहीत. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांची पाने हाताळून मऊ पडलेली असतात, पण स्वच्छ असतात. खांडेकरांच्या पानांवर मात्र शिसपेन्सिल, निळी शाई, लाल शाई, बॉलपेन असे पिढ्यांचे थर चढलेले दिसतात, आणि गंमत अशी की या रेघा कथानकाच्या वळणावर जवळजवळ कधीच नसतात. नायिका घर सोडून निघाली, कुणाला तुरुंगवास झाला, कुणी मरणाच्या दारात पोचले, तिथे पान कोरेच राहते. रेघ पडते ती उपमेखाली, नाहीतर गोष्टीतून अलगद उचलून वहीत उतरवता येईल अशा एखाद्या वाक्याखाली.

मध्यंतरी ‘ययाति’ची जी प्रत माझ्या हाती आली तिच्यात नुसत्या रेघा नव्हत्या, समासात चक्क भांडण होते. पहिल्या वाचकाने पेन्सिलीने ठिकठिकाणी रेघ ओढून शेजारी ‘वा!’ असे लिहिले होते. काही पानांनंतर एका ‘वा!’च्या खाली निळ्या शाईत, बारीक आणि तिरक्या अक्षरात, ‘पुन्हा तेच’ असा शेरा आला. पुढच्या प्रकरणात त्याच हाताने ‘आता पुरे’ असे लिहिले होते आणि त्याखाली बॉलपेनने, बहुधा बऱ्याच वर्षांनी, तिसऱ्याच कुणीतरी ‘मग वाचता कशाला?’ असे विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर निळ्या शाईने दिलेले नाही, देणे शक्यही नव्हते. पण ती शाई शेवटच्या पानापर्यंत दिसते. ज्याला हे लेखन सहन होत नव्हते त्याने ते अर्ध्यावर ठेवून दिले नाही. प्रत्येक ठिकाणी हरकत नोंदवत त्याने पुस्तक तडीला नेले. कंटाळलेला वाचक असे करत नाही. पेन्सिलवाल्याइतकाच हाही खांडेकरांचा वाचक होता, फक्त त्याचे वाचणे भांडत चालले होते.

ती प्रत मी आमच्या वाचनमंडळात नेली, आणि समासातले भांडण टेबलावर आले. आमचे मंडळ कोल्हापुरातले. खांडेकर 1938 साली शिरोड्याहून इथे आले आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य याच गावात राहिले. त्यांचे स्मृतिसंग्रहालयही इथल्या शिवाजी विद्यापीठात आहे. त्यामुळे खांडेकरांविषयी बोलताना आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे तसे बोलले जाते, म्हणजे आदराने आणि तक्रारीने. मंडळात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्याजवळ कॉलेजात असल्यापासूनची एक वही आहे आणि तिच्यातला निम्मा मजकूर खांडेकरांचा आहे. एक बाई आहेत. त्यांनी शाळेत मराठी शिकवण्यात हयात घालवली आणि आता त्यांना अलंकार ओळखा असे कुणी म्हटले तरी शिसारी येते. शिवाय संगणकाच्या कंपनीत काम करणारा एक तरुण आहे. कुठल्याही वादात तो आधी मोजमाप मागतो.

या तरुणाने खरोखरच मोजायला घेतले. एक प्रकरण निवडून त्यातले प्रत्येक ‘सारखा’, ‘प्रमाणे’ आणि ‘जणू’ त्याने टिपायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात तो अडला. खांडेकरांची उपमा कुठे संपते हे त्याला ठरवता येईना. मन हे समुद्रासारखे आहे इथवर ती एक उपमा झाली. पण मग त्या समुद्राला भरती येते, भरतीत शिंपले वाहून येतात, त्या शिंपल्यांतले काही रिकामे निघतात आणि ओहोटीनंतर वाळूवर जी नक्षी उरते तिचाही कशाशी तरी संबंध जोडला जातो. (हे वाक्य त्यांचे नव्हे, माझे आहे, पण त्यांच्या वाचकाला ते ओळखीचे वाटेल.) ही एक उपमा धरायची की चार? बाई म्हणाल्या, “परीक्षेत मी एकच धरली असती आणि बाकीच्याचे गुण कापले असते.” मोजणी तिथेच थांबली. त्या अडण्यातून एक गोष्ट मात्र नीट दिसली. खांडेकर एखादी कल्पना सुचली की ती वापरून सोडून देत नाहीत, तिच्यात मुक्कामाला जातात. कथानक तेवढा वेळ बाहेर ताटकळत उभे राहते.

उपमा ही त्यांची सर्वांत बोलकी लकब असली तरी एकटी नव्हे. त्यांचे पात्र स्वतःलाच प्रश्न विचारते, स्वतःच उत्तर देते आणि ‘छे!’ म्हणून ते उत्तर स्वतःच खोडून टाकते. ‘ययाति’ची सुरुवातच मुळी, आपण आपली कहाणी का सांगत आहोत, या प्रश्नाने होते आणि राजाला स्वतःची दोन-तीन उत्तरे लागोपाठ नाकारावी लागतात. समुद्र, चांदणे, तारे, फुले, लहान मुले ही मंडळी हाकेच्या अंतरावर उभी असतात. संस्कृत सुभाषिते आणि कवितेच्या ओळी योग्य वेळी आठवतात, कधी कधी अयोग्य वेळीही आठवतात. ध्येयवादी शिक्षक जवळपास असतो. आणि सर्वांत मोठी तक्रार, निळ्या शाईची आणि आमच्या बाईंचीही, अशी की या सगळ्या लोकांची बोलण्याची धाटणी एक असते. प्राध्यापक, क्रांतिकारक, डॉक्टर, खेड्यातली मुलगी, राजा, दासी, कुणीही तोंड उघडले की आतून खांडेकर बोलतात.

ही सवय पुस्तकाच्या आतच राहिली असे नाही, ती मुखपृष्ठावरही चढली. शीर्षकांकडे पाहावे: ‘कांचनमृग’, ‘दोन ध्रुव’, ‘उल्का’, ‘हिरवा चाफा’, ‘पांढरे ढग’, ‘रिकामा देव्हारा’, ‘जळलेला मोहर’, ‘क्रौंचवध’, ‘अमृतवेल’. बहुतेक नावे म्हणजे एकेक प्रतिमा आहे. ‘उल्का’ हे नायिकेचे नाव खरे, पण ते नाव आकाशातून तुटून पडणाऱ्या ताऱ्यासाठीच निवडलेले आहे, हे कादंबरी आपल्याला विसरू देत नाही. या रांगेत ‘ययाति’ हे शीर्षक वेगळे पडते. ते नुसते एका माणसाचे नाव आहे. याचा मला पुढे उपयोग होणार आहे.

लकब कुठून आली, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. अण्णांचे म्हणणे असे की खांडेकर मुळात शिक्षक. 1920 साली ते शिरोड्याच्या शाळेत गेले आणि अठरा वर्षे तिथे राहिले. किनाऱ्यावरच्या त्या गावात मुलांना दया, त्याग, स्वातंत्र्य असले शब्द समजावायचे तर समोरचा समुद्र, वाळू, माड यांचाच आधार घ्यावा लागणार, आणि ती सवय लेखणीत उतरली. हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे. बाईंनी ते एका वाक्यात निकालात काढले: “अहो अण्णा, मीही आयुष्यभर शिकवलं, पण घरी भाजी आणायला सांगताना मी उपमा देत नाही.” अण्णांनी मग दुसरा मुद्दा काढला. खांडेकरांची दृष्टी तरुणपणापासून अधू होती, उतारवयात ती पार गेली, आणि पुढच्या काळातले कितीतरी लेखन त्यांनी लेखनिकाला सांगून केले. जो माणूस लिहिलेले वाक्य डोळ्यांनी पुन्हा पाहू शकत नाही तो ते कानाने तोलतो. म्हणून त्यांच्या वाक्याला व्याख्यानाची लय आहे. यात तथ्य असावे. पण तरुणाने तारखा पुढे केल्या. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या दोन्ही कादंबऱ्या 1934 च्या, आणि उपमांची सर्वांत दाट झाडी तिथेच आहे. उतारवयातल्या सवयीने तरुणपणीचे लेखन कसे समजावणार?

मला स्वतःला यापेक्षा सरळ कारण पटते, आणि ते वाङ्मयीन आहे. खांडेकर हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरुस्थानी मानत आणि राम गणेश गडकऱ्यांवर त्यांची भक्ती होती. गडकऱ्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. कोल्हटकर-गडकरी घराण्यात वाक्य हे काम करण्यासाठी नसते, चमकण्यासाठी असते. ‘सुदाम्याचे पोहे’ वाचताना असे जाणवते की कोटी नसलेले वाक्य कोल्हटकरांना वाया गेल्यासारखे वाटत असावे. गडकऱ्यांनी त्या चमकेला भावनेचा जोर दिला. खांडेकरांनी हे सारे वारशाने घेतले आणि त्यात गांधी, समता, दारिद्र्य, त्याग असे नवे विषय भरले. म्हणजे आशय विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाचा आणि वाक्यरचना त्याआधीच्या पिढीची, असा हा मेळ आहे. त्याच सुमाराला फडके ‘प्रतिभासाधन’ लिहून कथेचे तंत्र मांडत होते आणि स्वतःचे गद्य इतके सफाईदार करत होते की वाचकाचा पाय कुठे अडकू नये. दोघांतला वाद ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या नावाने गाजला. दोघे लागोपाठ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, फडके 1940 साली रत्नागिरीला आणि खांडेकर 1941 साली सोलापूरला. पण सामान्य वाचकाच्या पातळीवर तो वाद कलेचा आणि जीवनाचा नव्हताच, असे मला वाटते. तो वाक्याचा वाद होता. फडक्यांचे वाक्य तुम्हाला पुढच्या वाक्याकडे नेते. खांडेकरांचे वाक्य तुम्हाला थांबवते आणि हातात पेन्सिल घ्यायला लावते.

इथे रूपककथेचा उल्लेख केला पाहिजे, कारण बाईंनी तो केला, आणि खांडेकरांच्या बाजूने त्यांनी केलेला तो एकमेव. मराठीत हा प्रकार रुजवला खांडेकरांनी. पान-दीड पानात एक गोष्ट, आणि ती सगळी गोष्ट म्हणजेच एक उपमा. बाईंचे म्हणणे असे की खांडेकरांना त्यांचा खरा घाट तिथे सापडला. कादंबरीत जी कल्पना उपऱ्यासारखी येते तीच रूपककथेत घरची मालकीण असते. बाहेर कुणी ताटकळत नसते, कारण बाहेर कुणी नसतेच. यावर कुणी वाद घातला नाही. अण्णा खूष झाले. त्यांच्या वहीत रूपककथाही उतरवलेल्या होत्या.

त्या वहीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जाड पुठ्ठ्याची, बाजूला लाल कापडाची पट्टी असलेली हिशेबाची वही; आत उभ्या रेघा जमा-खर्चासाठी आखलेल्या, आणि त्या रेघांची पर्वा न करता आडवी लिहिलेली वाक्ये. प्रत्येक वाक्याखाली कादंबरीचे नाव आणि पान. कोणत्या पात्राचे वाक्य आहे, हे मात्र एकाही ठिकाणी नाही. अण्णांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “त्याची गरजच कधी वाटली नाही. वाक्य खांडेकरांचं.” हे उत्तर माझ्या डोक्यात राहिले. आज मोबाइलवर जे सुविचार फिरतात त्यांतही हेच होते: फुलांचे चित्र, त्यावर एक वाक्य, खाली ‘वि. स. खांडेकर’. ते वाक्य कोण, कुणाला, काय करून आल्यावर म्हणतो, हे गळून गेलेले असते.

या वाक्यांनी मराठीची वेसही ओलांडली. का. श्री. श्री. यांनी खांडेकरांच्या कादंबऱ्या तमिळमध्ये नेल्या आणि तिथे त्यांना अफाट वाचकवर्ग मिळाला. गोपाळराव विद्वांसांनी गुजरातीत नेल्या, तिथेही तेच झाले. शैलीवरून आपण घरात भांडत असताना बाहेरच्यांनी त्याच शैलीच्या लेखकाला आपलेसे केले. मराठी समीक्षकांना हे कधी फारसे रुचले नाही असे दिसते.

समीक्षकांची अडचण काळाचीही होती. ‘ययाति’ 1959 साली आली, 1960 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1963 साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. मधल्या चार वर्षांत मराठी गद्याने कूस बदलली. तिच्या नायकाने, पांडुरंग सांगवीकराने, सजवलेल्या वाक्याची अशी काही टर उडवली की त्यानंतर कॉलेजच्या कट्ट्यावर खांडेकर आवडतात हे सांगायला आवाज खाली आणावा लागे. 1974 साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले, मराठीतले पहिले; त्या वेळी अण्णा तरुण होते. अभिमान वाटला आणि तो कुणाला सांगायची चोरी झाली, असे ते म्हणतात. मला वाटते, खांडेकरांच्या शैलीविषयी आपण आजही जे बोलतो त्यात ही चोरी मिसळलेली असते. सोळाव्या वर्षी ज्या वाक्यांनी आपल्याला रडवले त्यांना चाळिशीत हसल्याशिवाय आपण मोठे झालो असे आपल्याला वाटत नाही. निळ्या शाईतला वाचक मला असा, नुकताच मोठा झालेला, वाटतो.

आता माझे म्हणणे. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘पांढरे ढग’ यांच्या बाबतीत मी निळ्या शाईच्या बाजूचा आहे. तिथे उपमा पात्रांवर वरून पडतात, आणि पात्रांना त्यांचे ओझे होते. ‘ययाति’मध्ये मात्र काहीतरी वेगळे घडले आहे. त्या कादंबरीत खांडेकरांची सगळ्यांत दोषास्पद सवय नायकाच्या दोषाशी जुळून आली आहे. ययाति हा सुंदर बोलणारा आणि वाईट वागणारा माणूस आहे, आणि तो वाईट वागू शकतो याचे एक कारण तो सुंदर बोलतो हे आहे.

मुकुलिकेचा प्रसंग घ्या. नहुष राजा मृत्युशय्येवर आहे. ज्याच्या पराक्रमाच्या कथा ऐकत ययाति वाढला तो बाप मरणाला भितो आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी अशोकवनातल्या दालनात तो मुकुलिका या दासीच्या मिठीत शिरतो. कृती म्हणून पाहिले तर हे एवढेच आहे: मरणाऱ्या बापाजवळ असायला हवे होते तेव्हा मुलगा एका दासीजवळ होता. तिला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न त्याला पडत नाही. पण त्याच्या तोंडून हे ऐकताना आपल्याला ते एवढेच वाटत नाही. तो मृत्यूविषयी बोलतो, प्रेमाविषयी बोलतो, माणसाच्या क्षणभंगुरतेविषयी बोलतो, आणि त्या प्रत्येकासाठी त्याच्याजवळ एक नेमकी, नितळ उपमा असते. बोलता बोलता ते दालन नाहीसे होते, दासी नाहीशी होते, बाप नाहीसा होतो, आणि उरतो तो अनंतकाळ चाललेला जीवन आणि मृत्यू यांचा झगडा, ज्यात बिचारा ययाति नुसता एक निमित्त. उपमेने त्याला खोलीतून सोडवून नेलेले असते.

हे एकदा लक्षात आले की कादंबरीभर दिसत राहते. शर्मिष्ठा त्याच्यापासून झालेल्या तान्ह्या पूरूला घेऊन राजधानी सोडते आणि तो मागे राहतो. तेव्हाही त्याच्याजवळ शब्द आहेत. लहानपणापासून ओळखीच्या अलकेचे सोनेरी केस त्याला आठवत राहतात. त्या आठवणीला तो काव्य बनवतो आणि मग तेच काव्य पुढच्या लालसेला पांघरूण होते. शेवटी तो पोटच्या मुलाचे तारुण्य मागून घेण्यापर्यंत येतो. हा सगळा मजकूर उपमा गाळून वाचून पाहावा. मी तो तसा वाचला. उरलेल्या वाक्यांत केवळ क्रियापदे राहतात, आणि त्यांतून दिसणारा माणूस पाहवत नाही. त्या माणसाला स्वतःकडे पाहावे लागू नये म्हणून एवढी भाषा लागते. आपला ययाति हा आजच्या सर्वसामान्य माणसाचा प्रतिनिधी आहे, असे खांडेकरांनी स्वतःच या कादंबरीविषयी लिहिताना सांगितले आहे. आजचा माणूस भोगलोलुप आहे, असा त्याचा अर्थ सहसा लावला जातो. त्या अर्थाला माझी हरकत नाही. पण भोग घेऊन झाल्यावर त्यावर छान बोलण्याची आपली हातोटी, तीही त्या प्रतिनिधित्वात धरली पाहिजे. म्हणूनच या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रतिमा नको होती, नाव पुरेसे होते.

तरुणाला हे पटले नाही, आणि त्याची हरकत हलकी नाही. तो म्हणाला की हे सगळे आपण मागाहून लेखकाच्या पदरात घालतो आहोत. लेखकाची सवय होती, ती याही पुस्तकात आली. योगायोगाने नायक असा होता की ती त्याला शोभली. शिवाय कच आहे. कच हा खांडेकरांचा आदर्श. महाभारतात संजीवनी विद्या घेऊन निघून गेलेल्या कचाला त्यांनी मुद्दाम परत आणले आणि संयमाचा उपदेश करायला लावले. हा कचही अगदी ययातिसारखाच बोलतो. त्याच धाटणीच्या उपमा, तीच सुभाषिते. “एकाच्या तोंडी ती फसवणूक आणि दुसऱ्याच्या तोंडी ते ज्ञान, हे वाचकाने ओळखायचं कसं?” असे त्याने विचारले. मी म्हटले, पुढच्या पानावर तो माणूस काय करतो त्यावरून. तो म्हणाला, “मग अण्णांची वही काय सांगते?”

वही उघडली. ‘ययाति’मधली वाक्ये शोधून आम्ही ती पुस्तकाशी ताडून पाहू लागलो. कचाची वाक्ये होती. ययातिचीही होती, आणि ती कमी नव्हती. अण्णांनी पन्नास वर्षे जपलेल्या शहाणपणाच्या काही ओळी पुस्तकात पाहिल्या तर एका माणसाने नको ते करण्यापूर्वी मनाची घातलेली समजूत होती. समासातल्या पेन्सिलीचाही हाच हिशेब निघाला, तिचे ‘वा!’ दोघांच्या वाट्याला सारखेच आले होते. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यानं म्हटलं म्हणून वाक्य खोटं होतं का?” मला याचे उत्तर सुचले नाही, आणि मला वाटते ते सोपेही नाही. ययातिचे दुर्दैव हेच आहे की तो बहुतेक वेळा खरे बोलतो.

बाई इतका वेळ शांत होत्या. त्यांनी शर्मिष्ठा पुढे केली. कादंबरी तिघांच्या तोंडून सांगितलेली आहे: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. देवयानीपर्यंत माझी मांडणी ओढता येईल, असे त्या म्हणाल्या. तीही दुखावलेली, मानी, स्वतःची बाजू सजवून सांगणारी आहे. पण शर्मिष्ठा राजकन्या होती ती दासी झाली, लपूनछपून आई झाली, तिने कुणाला फसवले नाही, स्वतःला तर नाहीच. तिला एवढ्या उपमा कशाला? “बोलायला जवळ कुणी नसलेली बाई स्वतःशी इतकं नटवून बोलते का हो?” असे त्यांनी मला विचारले, पण उत्तर अण्णांनी दिले. ते म्हणाले, बोलते. त्यांची आई पहाटे जात्यावर बसायची. घरात सगळे झोपलेले, ऐकायला कुणी नाही, आणि ओवीमागून ओवी: भावाला चंदनाची उपमा, लेकीला चिमणीची, सासरच्या वाटेला काट्यांची. तिला कुणी अलंकार शिकवले नव्हते. कुणाला सांगता येत नव्हते म्हणूनच ती तसे बोलायची, साध्या शब्दांत बोलली असती तर रडली असती.

मला हे फार पटले, आणि शर्मिष्ठेची बाजू सुटली असे मी मानूनही टाकले. बाईंनी मात्र ओवीचाच धागा उलटा ओढला. जात्यावर उपमा येते तोवर हात फिरत असतो, दळण थांबत नाही, असे त्या म्हणाल्या. खांडेकरांकडे उपमा आली की दळण थांबते, आणि शर्मिष्ठेकडेही ते थांबते. अण्णांना हे मान्य नव्हते. त्यांनी शर्मिष्ठेचे निवेदन काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दर परिच्छेदाला थांबून बाईंकडे पाहू लागले. काही ठिकाणी बाईंनी मान डोलावली, काही ठिकाणी ‘थांबलं’ म्हणून बोट वर केले, आणि एका परिच्छेदापाशी, जिथे ती एकटी पूरूला घेऊन बसलेली आहे, दोघांचे काही केल्या जमेना; तो परिच्छेद अण्णांनी तीनदा वाचला.